मुंबई बंदराच्या खुणा

आमचें नागपूर समुद्रापासून शेंकडों मैल दूर. आमच्या शाळेंतील पुष्कळ मुलांनीं समुद्र पाहिला आहे तो केवळ नकाशांतील निळ्या रंगाच्या रूपानें. परंतु रामदासपेठेंतून सीताबर्डीवरून पुढें गेलें असतां जो दगडी स्तंभ लागतो, व ज्याच्या शेजारीं चार घोडे उभे आहेत, तो पाहिला नाहीं असा विद्यार्थी विरळा. या जागेस लोक 'झिरो माईल' म्हणतात, आणि देशाचा मध्यबिंदु तो हाच, असेंही मोठ्या अभिमानानें सांगतात. स्तंभाच्या पायथ्याशीं हैदराबाद, रायपूर, जबलपूर अशा गांवांचीं अंतरें कोरलेलीं आहेत. परंतु त्याहूनही विचार करण्याजोगी खूण तेथें दुसरीच आहे. सर्व्हे खात्यानें बसविलेल्या एका दगडावर १९०७ हें साल असून समुद्रसपाटीपासूनची उंची दिली आहे. ती १०२० फुटांच्या आसपास आहे.

आतां प्रश्न असा कीं, जेथें समुद्राचा थेंबही दिसत नाहीं, तेथें समुद्रापासूनची उंची मोजली कशी? याचें उत्तर मुंबईच्या अपोलो बंदरावर मिळतें. तेथें १८७८ पासून भरतीओहोटी मोजण्याचें यंत्र चालूं झालें. अशा यंत्राची रचना सोपी असते. समुद्राशीं नळानें जोडलेल्या विहिरींत एक तरंगता डबा सोडतात. पाणी चढेल तसा तो चढतो, उतरेल तसा उतरतो, आणि त्यास जोडलेली लेखणी फिरत्या नळकांड्यावरील कागदावर रेघ ओढीत राहते. वर्षानुवर्षांच्या त्या रेघांची सरासरी काढली म्हणजे समुद्राची मध्यम पातळी मिळते. कराची, मुंबई, कारवार, मद्रास, विशाखापट्टण इत्यादि नऊ बंदरांवर ही पातळी ठरवून, तेथून मोजपट्टी व दुर्बीण घेऊन मोजणीदार टप्प्याटप्प्यानें देशाच्या आंत शिरले. तात्पर्य, आमच्या शहरांतील या दगडाचें मूळ बंदरावर आहे. ही गोष्ट वर्गांत सांगितली तेव्हां एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, मग तें बंदर आपण कधीं पाहणार?" त्या प्रश्नाचें फळ म्हणजे गेल्या डिसेंबर महिन्यांत नववीच्या विद्यार्थ्यांसह आम्हीं केलेली मुंबईची सहल, आणि तिचें फळ हा लेख.

बंदराच्या शहरांतील खुणांचे आम्ही तीन वर्ग करितों. कांहीं खुणा वाट दाखवितात, कांहीं आठवण ठेवितात, आणि कांहीं इशारा देतात. हे वर्ग एकमेकांपासून अगदीं वेगळे नाहींत, हें पुढें दिसून येईलच.

प्रथम वाट दाखविणाऱ्या खुणा घेऊं. मुंबईचें बंदर निसर्गानें दिलेलें आहे. एका बाजूस बेटें, दुसऱ्या बाजूस कोंकणचा किनारा आणि मध्यें खोल पाणी. परंतु या पाण्याच्या तोंडाशींच खडक दडलेले आहेत. भरतीच्या वेळीं ते दिसत नाहींत, आणि न दिसणारा खडक दिसणाऱ्या खडकाहून अधिक घातक असतो. म्हणून मनुष्यानें त्या खडकांवर दिवे लाविले. बंदराच्या दक्षिणेस खांदेरी बेटावरील दीपगृह १८६७ चें आहे. कुलाब्याच्या टोकापुढें समुद्रांत गेलेल्या खडकाळ रांगेवर १८७५ सालीं प्रॉंग्स दीपगृह उभें राहिलें. तें चाळीस मीटरांहून उंच असून ओहोटीच्या वेळीं खडकांवरून चालत तेथपर्यंत जातां येतें. बंदराच्या आंतल्या बाजूस 'संक रॉक', म्हणजे बुडालेला खडक, या नांवाचें दीपगृह १८८४ पासून आहे. त्याच्या नांवांतच त्याच्या जन्माचें कारण सांगितलेलें आहे.

मुलांस वाटतें कीं दीपगृह म्हणजे समुद्रावरील मोठा कंदील. परंतु नुसता उजेड पुरेसा नाहीं. काळोख्या रात्रीं दूरवर एक दिवा दिसला, तर तो कोणता हें नावाड्यास कसें कळावें? चुकीचा दिवा बरोबर समजणें हें दिवा मुळींच न दिसण्यापेक्षां वाईट. म्हणून प्रत्येक दीपगृहाच्या प्रकाशास स्वतःचा ठेका असतो. एक ठराविक सेकंदांनीं एकदांच लखलखतो, दुसरा लागोपाठ दोनदां लखलखून थांबतो, तिसऱ्याचा रंगच निराळा. हे ठेके छापील यादींत दिलेले असतात. कप्तान घड्याळ हातांत धरून सेकंद मोजतो आणि दिव्याचें नांव वाचतो. दिवसा उजेडाचा उपयोग नाहीं, म्हणून मनोऱ्याचा आकार व त्यावरील रंग हीच त्याची ओळख ठरते.

दीपगृह दूरच्या खुणेचें काम करितें. जवळच्या वाटेसाठीं पाण्यावर तरंगणारे बोये असतात. ते तळाशीं सांखळीनें बांधलेले असल्यामुळें जागचे हलत नाहींत. आपल्या देशांत असा नियम आहे कीं, समुद्राकडून बंदरांत शिरतांना तांबडा बोया डाव्या हातास व हिरवा उजव्या हातास ठेवावा, आणि दोहोंच्या मधून जहाज न्यावें. बाहेर जातांना अर्थातच हें उलट होतें. यांत ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, अमेरिकेंत हाच नियम नेमका उलट आहे. तेथें बंदरांत शिरतांना तांबडा बोया उजव्या हातास ठेवितात. रंगाच्या अंगीं स्वतःचा अर्थ नाहीं. सर्वांनीं मिळून मानलेला करार हाच त्याचा अर्थ होय, आणि एकानें जरी तो मोडला तरी सर्वांस धोका पोहोंचतो.

खांदेरीविषयीं आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. दीपगृह होण्यापूर्वीं जवळजवळ दोन शतकें, १६७९ सालीं, शिवाजी महाराजांनीं याच बेटावर किल्ला बांधण्यास आरंभ केला. मुंबईकर इंग्रजांस त्याचें मर्म तत्काळ कळलें व त्यांनीं तो बंद पाडण्याचा यत्न केला. परंतु किल्ला उभा राहिलाच. बंदराच्या तोंडाशीं कोणाचें निशाण फडकतें, यावर त्या बंदराचें स्वातंत्र्य अवलंबून असतें. २०२५ सालीं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची जागतिक वारशाच्या यादींत नोंद झाली, त्यांत खांदेरीही आहे.

आतां दुसऱ्या वर्गाकडे, म्हणजे आठवण ठेवणाऱ्या खुणांकडे, वळूं. कुलाब्याचें अफगाण चर्च हें दोन्ही वर्गांत बसतें. त्याचा मनोरा सुमारे साठ मीटर उंच असून बंदरांत येणारीं जहाजें त्यास खूण मानीत असत. हें मंदिर १८५८ सालीं उपासनेसाठीं अर्पण झालें, व मनोरा पुढें १८६५ मध्यें पुरा झाला. पहिल्या अफगाण युद्धांत व सिंधच्या मोहिमेंत पडलेल्यांचें तें स्मारक आहे. आंत गेल्यावर रंगीत कांचांतून येणारा प्रकाश व तेथील शांतता यांनीं आमचीं बडबडीं मुलेंही आपोआप गप्प झालीं. भिंतीवर अधिकाऱ्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. त्याबरोबरच असाही मजकूर आहे कीं, हें मंदिर ज्या साध्या शिपायांच्या आठवणीसाठींही बांधलें, त्यांची संख्या फार असल्यामुळें त्यांचीं नांवें देतां आलीं नाहींत.

हा मजकूर आम्हीं मुलांस मराठींत समजावून दिला. तेव्हां एका मुलीनें हळूच विचारलें, "सर, मग त्यांचीं नांवें कोठें लिहिलीं आहेत?" आम्हीं इकडेतिकडे पाहिलें. सोबतच्या शिक्षकबंधूंनींही आमच्याकडे पाहिलें. आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. ज्या प्रभूच्या मंदिरांत आम्ही उभे होतों, त्यानें मेंढपाळाच्या शंभर मेंढरांपैकीं हरवलेल्या एकाचा दृष्टान्त सांगितला आहे, हें त्या क्षणीं आमच्या मनांत आल्यावांचून राहिलें नाहीं. तो प्रश्न पुढें सबंध सहलभर आमच्याबरोबर हिंडला.

तेथून आम्ही फोर्ट भागांत आलों. नागपूरकरांस मुंबईची पहिली ओळख होते ती छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस या स्थानकाची. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या शिल्पज्ञाच्या आराखड्यावरून १८७८ पासून दहा वर्षें याचें काम चाललें होतें. ज्या बोरीबंदरावरून १६ एप्रिल १८५३ रोजीं ठाण्यास पहिली आगगाडी गेली, त्याच ठिकाणीं ही इमारत आहे. आणि याच कंपनीचा लोहमार्ग १८६७ मध्यें नागपुरास येऊन पोंचला. गाडी पकडण्याच्या घाईंत हजारों लोक येथून जातात, परंतु मान वर करून पाहणारे थोडे. घुमटाच्या शिखरावर 'प्रगति'ची मूर्ति उभी असून तिच्या एका हातांत मशाल व दुसऱ्या हातांत चाक आहे. प्रवेशद्वाराच्या एका खांबावर सिंह आहे, तो इंग्लंडचा. दुसऱ्यावर वाघ आहे, तो आपल्या देशाचा. भिंतींवर पानें, फुलें, पक्षी, माकडें यांची गर्दी आहे, व तें कोरीव काम पुष्कळ अंशीं मुंबईच्या कलाशाळेंतील विद्यार्थ्यांच्या हातचें आहे. कंपनीच्या धुरीणांचे मुखवटे दगडांत कोरले आहेत, त्यांत जमशेटजी जीजीभाई व जगन्नाथ शंकरशेट हे आपले दोन पुरुषही आहेत. ज्या विद्यार्थ्यांनीं तीं माकडें कोरलीं, त्यांचीं नांवें मात्र तेथें नाहींत.

विद्यापीठाचा राजाबाई मनोरा हें यास एक सुखद उत्तर आहे. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज शिल्पज्ञाचा आराखडा आणि प्रेमचंद रायचंद या कापसाच्या व्यापाऱ्याचा पैसा यांतून हा २८० फूट उंच मनोरा १८७८ मध्यें पुरा झाला. दात्यानें त्यास स्वतःचें नांव न देतां आपल्या आईचें नांव दिलें. मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानांतील निरनिराळ्या जातींच्या व समाजांच्या लोकांच्या चोवीस मूर्ति आहेत. कोणा एका राजाची मूर्ति न बसवितां रस्त्यावर भेटणारे लोकच उंचावर नेऊन बसविण्याची ही कल्पना आमच्या मुलांस अतिशय आवडली.

मुंबईच्या खुणांचा मुकुटमणि म्हणजे 'गेटवे ऑफ इंडिया'. त्याची कथा ऐकण्यासारखी आहे. २ डिसेंबर १९११ रोजीं बादशहा पंचम जॉर्ज व राणी मेरी अपोलो बंदरावर उतरले, त्याचें हें स्मारक. परंतु बादशहांनीं ही कमान उतरतांना पाहिली नाहीं, कारण ती तेव्हां नव्हतीच. त्यांच्यासाठीं तात्पुरता मंडप घातलेला होता. जॉर्ज विटेट यांचा आराखडा १९१४ मध्यें मंजूर झाला, आणि ४ डिसेंबर १९२४ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या हस्तें इमारत खुली झाली. पिवळसर बेसॉल्ट दगडाची ही कमान सुमारे २६ मीटर उंच आहे. तिच्या घडणींत गुजराती व मुसलमानी शिल्पाचा मिलाफ असून जाळ्या ग्वाल्हेरकडून आणविल्या होत्या. राज्य स्थिर आहे, हें सांगण्यासाठीं ती बांधली. आणि ती पुरी झाल्यावर चोवीस वर्षेंही लोटलीं नाहींत तों, २८ फेब्रुवारी १९४८ रोजीं, सोमरसेट लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीनें त्याच कमानींतून बाहेर पडून देश सोडला. येण्याची म्हणून बांधलेली कमान जाण्याची ठरली. दगडावरील लेख बदलला नाहीं, पण वाचणाऱ्यांच्या मनांतील अर्थ बदलला. आज घारापुरीस जाणारे प्रवासी तेथें होड्यांची वाट पाहत बसतात, आणि शेजारीं १९६१ पासून शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा आहे.

पुतळ्यांचें आयुष्य माणसांच्या आयुष्याहून मोठें असतें असें समजतात. परंतु मुंबईंत तसें दिसत नाहीं. खंडेराव गायकवाडांनीं दिलेला व मॅथ्यू नोबल यांनीं घडविलेला राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा १८७२ मध्यें बसला. १८९६ सालीं दामोदर चापेकर यांनीं त्यास डांबर फासलें. आतां तो भायखळ्यास भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारांत आहे. याच आवारांत घारापुरीचा दगडी हत्तीही आहे. पोर्तुगीज लोकांनीं त्या बेटास 'एलिफंटा' हें नांव दिलें तें या हत्तीवरून. १८६४ मध्यें त्यास विलायतेस नेण्याचा बेत झाला, परंतु उचलतांना तो पडून फुटला व येथेंच राहिला. बेटाचें नांव बेटावर, आणि नांवाचें कारण संग्रहालयाच्या दारांत!

याहूनही गमतीची गोष्ट काळ्या घोड्याची. राजपुत्र असतांना सातवे एडवर्ड मुंबईस आले होते, त्यांचा अश्वारूढ पुतळा ससून घराण्यानें १८७९ सालीं शहरास दिला. लोकांनीं राजपुत्राचें नांव कधीं घेतलें नाहीं. त्यांस घोडाच दिसला, आणि त्या भागाचें नांव 'काळा घोडा' पडलें. १९६५ मध्यें पुतळा भायखळ्याच्या बागेंत हलविला, तरी नांव राहिलें. अर्धशतकाहून अधिक काळ घोडा नसलेल्या जागेस लोक काळा घोडा म्हणत राहिले! शेवटीं २०१७ मध्यें तेथें नवा काळा घोडा बसविण्यांत आला, पण यावेळीं त्याच्या पाठीवर कोणीही स्वार नाहीं. खुणा सरकार बसवितें खरें, परंतु नांवें लोक ठेवितात.

जवळच 'फ्लोरा फाउंटन' नांवाचें १८६४ सालचें कारंजें आहे. त्यावरील देवता रोमन लोकांची, दगड इंग्लंडचा. त्याच चौकास आज हुतात्मा चौक म्हणतात. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींत शंभराहून अधिक माणसें बळी पडलीं. त्यांच्या स्मरणार्थ तेथें शेतकरी व कामगार मशाल धरून उभे आहेत. कारंजें कोणी फोडलें नाहीं, हें आम्हांस फार समाधानाचें वाटलें. दोन काळ एकाच चौकांत समोरासमोर उभे आहेत. पाहणाऱ्यानें दोन्ही वाचावे.

तिसरा वर्ग इशाऱ्याच्या खुणांचा. येथें आम्हांस आमचीच एक फजिती सांगितली पाहिजे. एका धक्क्यावर पायऱ्या निसरड्या असल्याची पाटी होती. आम्हीं ती मुलांस मोठ्यानें वाचून दाखविली, तिच्यावर दोन वाक्यांचें प्रवचन केलें, आणि दुसऱ्याच क्षणीं शेवाळावर पाय घसरून गुडघ्याइतक्या पाण्यांत उतरलों. होडीवाल्यानें हात देऊन वर घेतलें व म्हटलें, "मास्तर, पाटी वाचलीत, पाणी वाचलं नाहीत." ओहोटीमुळें नुकत्याच उघड्या पडलेल्या पायऱ्या काळसर दिसत होत्या, ती काळी रेघ हीच खरी पाटी होती. मुलें हंसलीं, आणि हंसावें असेंच तें होतें.

जहाजांची बोली निशाणांची असते. निळ्या कापडावर पांढरा चौकोन असेल, तर जहाज सुटण्याच्या बेतांत आहे. अर्धें पांढरें, अर्धें तांबडें निशाण असेल, तर वाटाड्या जहाजावर आहे. पिवळें निशाण पूर्वीं सांथीच्या रोगाचें भय दाखवी. आतां त्याच निशाणाचा अर्थ, आमचें जहाज निरोगी आहे, बंदरांत येण्याची परवानगी द्यावी, असा होतो. आणि तांबडें निशाण म्हणजे जहाजावर स्फोटक अथवा घातक माल आहे.

निशाणांत केवढें सामर्थ्य असतें हें १९४६ च्या फेब्रुवारींत मुंबईनें पाहिलें. १८ तारखेस 'तलवार' या नाविक तळावरील खलाशांनीं निकृष्ट अन्न व अपमानाची वागणूक यांविरुद्ध काम बंद केलें. बंड बंदरांतील जहाजांवर पसरलें. त्यांनीं ब्रिटिश निशाण उतरवून काँग्रेस, मुस्लिम लीग व कम्युनिस्ट या तिन्ही पक्षांचीं निशाणें एकत्र चढविलीं. ज्या पुढाऱ्यांस एका मेजाशीं बसतां येत नव्हतें, त्यांचीं निशाणें खलाशांनीं एका डोलकाठीवर आणलीं. बंड थोड्याच दिवसांत शमलें. त्याचें स्मारक कुलाब्यास आहे.

परंतु न चढविलेल्या एका निशाणाची कथा त्याहून दारुण आहे. १९४४ च्या एप्रिलमध्यें 'फोर्ट स्टिकीन' नांवाचें जहाज व्हिक्टोरिया गोदींत येऊन लागलें. त्यावर सुमारे १४०० टन दारूगोळा, कापसाचे हजारों गठ्ठे, तेल आणि सोन्याच्या लगडी होत्या. कापूस व दारू एका जहाजांत भरणें हेंच मुळीं भयंकर. शांततेच्या काळांत असें जहाज तांबडें निशाण लावून उभें राहतें. युद्धकाळामुळें तें या जहाजावर नव्हतें, असें त्या घटनेचे वृत्तांत सांगतात. १४ एप्रिल रोजीं दुपारीं जहाजांतून धूर निघूं लागला. कांहीं लोकांनीं तो पाहिलाही होता. परंतु वेळीं ओरड झाली नाहीं. दोन वाजण्याच्या सुमारास आग ध्यानांत आली. अग्निशामक दलाचे बंब धांवले. जहाज बुडवावें कीं समुद्रांत ओढून न्यावें, याचा निर्णय होईना. ४ वाजून ६ मिनिटांनीं पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासानें दुसरा. त्याचा हादरा सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावर उमटला. गोदी, वखारी व आसपासची वस्ती पेटली. सोन्याच्या लगडी दूरवरच्या घरांत जाऊन पडल्या. मेलेल्यांची संख्या आठशें ते तेराशें अशी निरनिराळी सांगतात. आग विझविण्यास गेलेले ६६ जवान परत आले नाहींत. त्यांचें स्मारक भायखळ्यास अग्निशामक दलाच्या मुख्य ठाण्यांत आहे, व त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन दिन म्हणून पाळला जातो.

निशाण असतें तर सर्व अनर्थ टळला असता, असें आम्ही म्हणत नाहीं. धूर हीही खूणच होती, आणि ती दिसूनही वाचली गेली नाहीं. खूण लावणें हें एक कर्तव्य, ती वाचणें हें दुसरें, आणि वाचल्यावर तत्काळ उठणें हें तिसरें. तिन्हींपैकीं एक चुकलें तरी बाकीचीं दोन व्यर्थ होतात. ज्या बंदराच्या तोंडाशीं खडकांवर दिवे लावून परक्या जहाजांस सावध केलें जातें, त्याच बंदराच्या पोटांत आपल्याच गोदीस सावध करणारें एक कापड नव्हतें, याचा विचार मुलांनीं करावा.

परतीच्या प्रवासांत वर्धा मागें पडली तेव्हां ती मुलगी पुन्हां आमच्याजवळ आली. तिनें विचारलें, "सर, आपल्या शाळेच्या कोनशिलेवर कोणाचें नांव आहे?" आम्हीं सांगितलें: ज्या पाहुण्यांनीं कोनशिला बसविली त्यांचें. "आणि बांधली कोणीं?" येथेंही आम्ही निरुत्तर झालों, परंतु यावेळीं उत्तर शोधणें आमच्या हातीं होतें.

शाळा सुरू झाल्यावर चार विद्यार्थी आमच्या सेवानिवृत्त शिपाईदादांच्या घरीं गेले. त्यांचे वडील इमारतीच्या कामावर विटा वाहत होते. दादांनीं आठवून आठवून गवंड्यांचीं, सुतारांचीं, व चुना कालविणाऱ्या बायांचीं मिळून सतरा नांवें सांगितलीं. कांहीं पूर्ण, कांहीं नुसतीं हांक मारण्याचीं. मुलांनीं तीं शाईनें एका वहींत लिहून काढलीं. ती वही आमच्या ग्रंथालयांत ठेविली आहे. तिचीं पुष्कळ पानें कोरीं आहेत. ज्या पालकांच्या घरीं कोणा वडीलधाऱ्यांनीं या इमारतीवर काम केलें असेल, त्यांनीं कृपा करून नांवें कळवावीं.

विद्यार्थिमित्रहो, पुढील सुटींत तुम्हांपैकीं कांहीं मुंबईस जातील, बहुतेक येथेंच राहतील. जे येथें राहतील त्यांनीं एका सकाळीं 'झिरो माईल'च्या दगडापाशीं जावें, त्यावरील आंकडा स्वतः वाचावा, आणि तो समुद्रापासून येथवर पावलापावलानें आणणारे मोजणीदार व त्यांच्या मोजपट्ट्या वाहणारे गडी कोण असतील, याचा थोडा विचार करून मग घरीं परतावें.